बाबांची जागा

धाकटा मेंडोलिन घेऊन वाजवणाऱ्यांच्या रिंगणात शिरला आणि वहिनीनं चटकन मान वळवली. तिच्या शेजारी, बाकावर, तिचा नवरा, थोरला, व्हायोलिन हनुवटीखाली धरून बसला होता. वर्षभर दोघा भावांत अबोला. बाबांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानाची जागा कुणाची, यावरून. बोलायचं ते वकिलांमार्फत.

महोत्सवाचा मोठा मंच पलीकडे होता. इथे तंबूंच्या मधल्या गवतावर ना माईक, ना पाहुणे. वाजवता येत असेल त्यानं बसावं, एवढाच नियम. धाकट्यानं थोरल्याला पाहिलं आणि तो पाण्याच्या पिंपापाशी उभ्यानंच तारा लावू लागला.

"उठू नका हं," वहिनी हळूच म्हणाली.

"मी कशाला उठू? आधी मी आलोय."

बँजोवाल्या बाईनं एक जुनी चाल धरली. सगळ्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे जो तो त्यात मिसळला. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती चाल सरळ खाली उतरते. सगळे सरळ उतरले. दोन वाद्यं तेवढी वरच्या सुरावर रेंगाळली आणि मग हळूच घसरत खाली आली. एक व्हायोलिन, एक मेंडोलिन. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

बाईनं हात थांबवला. "या चालीत ही घसरती जागा मी कधी ऐकली नव्हती. फार सुरेख आहे. कुणाची हो?"

"बाबांची," दोघे एकदमच म्हणाले.

थोरला खाली मान घालून व्हायोलिनच्या गजाला राळ घासत बसला, गरज नव्हती तरी. धाकट्याचे कान लाल झाले होते. आता बोलले तर बोलले, नाहीतर जन्मात नाही, असं वहिनीला वाटलं. ती देवाचं नाव घ्यायचंही विसरली.

थोरला बाकावर जरासा सरकला. "उभ्यानं काय वाजवतोस? ये इकडे."

धाकटा आला. बाकाकडे बघून घुटमळला. "मावेन का रे, दादा?"

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं पदरानं डोळे टिपले आणि धूर गेला म्हणून सांगितलं. धूर कुठेच नव्हता.

"न मावायला काय झालं," थोरला आणखी सरकत म्हणाला. "दोघांना पुरते जागा."