विनाथांबा

मशीन बंद पडायच्या आधी कळावं म्हणून कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. कुठल्या मशीनचं काय मोजायचं ते सगळं तिथल्या इंजिनिअर वृषभनं भरलं, अगदी तेलाच्या तापमानापासून ते मशीन किती वेळा थांबलं इथपर्यंत. महिन्याभरात आकाराममामांची पत्रा कापायची प्रेस स्क्रीनवर लालभडक दिसायला लागली.

"ही सारखी का थांबतीय रं?" मालकांनी विचारलं.

"सर, हात आत गेला की सेन्सर प्रेस थांबवतो."

"मग सेन्सर काढ की! हा लाल रंग मला परत दिसाय नको."

वृषभनं सेन्सरची वायर काढली. प्रेस हिरवी झाली. आकाराममामासुद्धा खूश. "लई ब्येस केलंसा सायेब, आता कामाचा खोळंबा न्हाय."

वर्षअखेरीस राजारामपुरीतल्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. वायर काढली त्या दिवसापासून प्रेस एकदाही थांबली नाही म्हणून मालकांनी स्वतः वृषभला फेटा बांधला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. वृषभनं हात जोडून समोर बघितलं.

पहिल्या रांगेत आकाराममामाही टाळ्या वाजवत होते. उरलेल्या डाव्या हातानं, मांडीवर.