पहिला डाव

"पाच पडलेत गं. तू चारच घरं गेलीस," ताई हसून म्हणाल्या.

"चारच होते." शाल्मलीनं सोंगटी सापाच्या तोंडातच ठेवली.

समुपदेशनासाठी आलेल्या प्रत्येक नव्या मुलाशी ताई आधी सापशिडी खेळायच्या आणि पहिला डाव मुद्दाम हरायच्या. जिंकलं की मूल खुलतं, मग आपणहून बोलू लागतं, हा त्यांचा अनुभव. म्हणून आजही त्या गुपचूप घरं चुकवून सापांवरून घसरत होत्या. पण ही पोर त्यांच्याहून जास्त घसरत होती. नव्या चष्म्यातून हिला अजून नीट दिसत नसेल, असं समजून शेवटी त्यांनी तिचं बोट धरलं आणि एकेक घर मोजत तिची सोंगटी शंभरावर नेऊन ठेवली.

"जिंकलीस!" त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाल्मली हसली नाही. ती दाराकडे बघत राहिली. टाळ्या ऐकून बाहेर बसलेल्या तिच्या वडिलांनी दार उघडून डोकं आत घातलं.

"कोण जिंकलं?"

"तुमची लेक!" ताई कौतुकानं म्हणाल्या.

"अरे वा!" ते गोड हसले. "मग आता घरी जाऊन माझ्याशी खेळ. मी गाडी काढतो, ये."

ते गेल्यावर शाल्मलीनं चष्मा काढला, त्याच्या काड्या नीट मिटल्या आणि तो ताईंच्या हातात दिला.

"हा इथंच राहू दे," ती म्हणाली. "आधीचा मी मागच्या वेळी जिंकले तेव्हा फुटला."