रंगराव म्हणाले

“रंगरावकाका म्हणाले, आधी हॉर्नची वायर सोडवा, मग स्टेअरिंगचं चाक ओढा,” केदार म्हणाला.

बापूरावांच्या हातातला पाना थांबला.

खडकीतल्या त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये केदारची जीप उभी होती. चोपन्न सालची, लष्कराच्या लिलावातून चारपाच हात फिरून आलेली. केदार हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुट्टीचे दोन्ही दिवस या जीपपायी घालवायचा. स्टेअरिंग इतकं ढिलं, की पाव फेरा फिरवला तरी चाकांना पत्ता लागत नसे.

“जन्म गेला माझा यात,” बापूराव म्हणाले. “एवढा विश्वास आहे तर रंगरावकडेच न्यायची होतीत गाडी.”

“गेलो होतो ना. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. मध्ये कंपनीनं सहा महिने अमेरिकेला पाठवलं, म्हणून यायला उशीर झाला.”

“स्वतः का नाही केलं? कमीपणा वाटला?”

केदारने चाक ओढायचा पुलर पुढे केला.

बापूराव आणि रंगराव लष्कराच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं शेजारी शेजारी काम करत होते. पण मोठ्या साहेबाच्या गाडीचं स्टेअरिंग बिघडलं की हाक एकच यायची, “रंगरावला बोलवा.” रंगराव रजेवर असले तरच बापूरावांची आठवण व्हायची. ती हाक ऐकून बापूरावांच्या पोटात जे पेटायचं, ते रिटायर झाल्यावरही विझलं नव्हतं. निरोप समारंभाला रंगरावांच्या गळ्यात दोन हार जास्त पडले. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव काढायचं नाही, अशी बापूरावांची ताकीद होती. पेन्शनरांच्या बैठकांनाही ते जात नसत. हत्यारांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली होती. गेल्या चार वर्षांत आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. केदारलाही पाठवणार होते. पण तो म्हणाला, “रंगरावकाका म्हणाले, एवढं बारीक काम आता बापूच्या हातून व्हायचं नाही, पण विचारून बघा.”

पेटी त्याच दुपारी खाली आली.

स्टेअरिंगचा बॉक्स सुटायलाच दोन शनिवार गेले. चाकांकडे फेरा पोचवणारा खालचा ड्रॉप आर्म गंजून घट्ट बसला होता. तो निघाल्यावर चेसीचे बोल्ट सोडवून बापूरावांनी दांड्यासकट बॉक्स ओढून काढला, डिझेलने धुतला आणि उघडला. दांड्याच्या टोकाला असलेल्या पिळदार कॅमची चाकोरी बरोबर मध्यावर झिजली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, आणि तेवढ्यात केदार म्हणाला, “रंगरावकाका म्हणाले, कॅम मधोमध झिजलेला असणार. नुसता स्क्रू आवळला तर सरळ रस्त्यावर ठीक वाटेल, वळणावर अडकेल.”

“मी आत्ता उघडलाय! त्याला विश्रांतवाडीत घरी बसून दिसला?”

केदारच्या कमरेला मोबाइल होता. रोज संध्याकाळी हा पठ्ठ्या तिकडे बातम्या पोचवत असणार, याबद्दल बापूरावांच्या मनात शंका उरली नाही.

“सांगा त्याला, जोडकाम करणार नाही मी,” ते म्हणाले. “कॅमच बदलतो.”

जुन्या बाजारात तीन रविवार लोखंडाचे ढीग उपसल्यावर त्यांना हवा तसा कॅम मिळाला. बुश त्यांनी स्वतः लेथवर उभं राहून करून घेतले. छर्रे नवे, ऑइल सील नवं. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याचे काळे हात बघत उभ्या राहिल्या.

“बरं वाटतंय तुम्हाला असं बघून. अहो, त्या रंगरावभावजींचं...”

“नाव नको.”

त्या कप ठेवून आत गेल्या.

शिम बसवण्याच्या दिवशी केदार पुन्हा बोललाच. “रंगरावकाका म्हणाले, बापू एक शिम जास्तच घालणार. त्याला घाई फार.”

 कागदाइतक्या पातळ त्या चकत्या बापूरावांनी सात वेळा काढल्या आणि सात वेळा घातल्या. दांडा ना हलत होता, ना अडत होता. मग चाकं नाकासमोर सरळ ठेवून त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला. असं काम आयुष्यात आपल्या हातून झालं नव्हतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

“चला,” ते धुतलेला सदरा घालत म्हणाले. “त्याच्या दारात नेऊ. तोंड बघायचंय मला त्याचं.”

केदार क्षणभर घुटमळला. मग किल्ली त्यांच्या हातात देऊन शेजारी बसला.

विश्रांतवाडीपर्यंत बापूरावांनी जीप दोन बोटांवर नेली. फाटकाशी थांबून मुद्दाम तीनदा हॉर्न दिला. दार रंगरावांच्या बायकोनं, प्रेमलावहिनींनी उघडलं.

“या भावजी. शेवटी आलात.”

“कुठंय तो? बाहेर पाठवा.”

वहिनी बाजूला झाल्या. समोरच्या भिंतीवर रंगरावांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार होता.

“गेल्या श्रावणात गेले,” त्या म्हणाल्या. “द्वारकाबाई येऊन गेल्या तेव्हा. म्हणाल्या, यांच्यापुढे नाव काढायची सोय नाही.”

बापूराव केदारकडे वळले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“शेवटी शेवटी त्यांना पेन धरवत नव्हतं. ते सांगत गेले, मी लिहून घेतलं. कुठल्या कामाला तुम्हाला काय बोलायचं, ते सगळं. म्हणाले, बापू आर्जवानं उठणार नाही, माझं नाव घेत राहा.”

बापूरावांनी कागद डोळ्यांजवळ धरला. प्रत्येक ओळीपुढे ती बोलून झाल्याची खूण होती. फक्त शेवटच्या ओळीपुढे नव्हती.

‘गाडी दारात आली की बापूला सांगायचं, अठ्ठावीस वर्षं मी त्याच्या हातावर जळत आलो.’