घरातली माणसं मोज

"यंत्र चुकीचं मोजतं का?" असं खेळण्यांच्या कंपनीने पत्रातून विचारलं होतं. मी उत्तरच दिलं नाही. वाटलं, चूक माझीच असेल.

नातीला अंक शिकवणारा तो व्हिडिओ गेम. "घरातली माणसं मोज," तो म्हणायचा. सूनबाई, नात आणि मी.

"तीन!"

"चूक. पुन्हा मोज."

"आजोबा राहिले ना, वेंधळ्या!" नात गेमवर चिडायची.

काल मात्र ती हळूच म्हणाली, "दोन."

"शाब्बास!"

जेवायला सूनबाईंनी दोनच ताटं घेतली.

आज मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "तुमचं यंत्र खोटं बोलतं. आम्ही तिघं आहोत."

टपालपेटीपाशी नातीने माझं बोट घट्ट धरलं होतं. तिच्या दुसऱ्या हातातल्या गेमने विचारलं, "इथे किती माणसं?"

"एक," ती म्हणाली.

"शाब्बास!"

"दोन!" मी ओरडलो आणि पत्र पेटीत टाकलं.