अनाएले मास्तरांच्या हातचं कोलाफळ

कोलाफळाची ताटली गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या ओकुडिबा आजोबांसमोर आली आणि दिग्दर्शिका अडाओबी पुढे सरकून बघू लागली. सिनेमा तिचा होता. शंभर वर्षांपूर्वी गाव वाचवणाऱ्या एका ओसूची गोष्ट. ओसू म्हणजे कधीकाळी देवाला वाहिलेल्या माणसांचे वंशज, गावाने वेगळ्या वस्तीत ठेवलेले. कोलाफळ प्रार्थना म्हणून फोडायचं आणि सगळ्यांनी वाटून खायचं, पण ओसूने फोडलेलं गावात आजही कुणी तोंडात घालत नाही. घातलं, की फोडणारा आपला भाऊबंद झाला.

नायक म्हणून लागोसचा नावाजलेला नट घे, असं टुमणं निर्मात्याने लावलं होतं. तिने ऐकलं नाही. ज्यांची गोष्ट त्यांचाच माणूस पडद्यावर दिसेल, म्हणाली आणि वस्तीतल्या अनाएले मास्तरांना उभं केलं. आता शेवटचा प्रसंग होता. नायक फळ फोडतो, गावचे वडीलधारे ते खातात. वडीलधारे मात्र खरोखरच गावातले होते. ते मध्येच उठून गेले, तर मास्तरांची सगळ्यांदेखत शोभा होणार होती.

आजोबांनी अट आधीच घातली होती. "ओठांपर्यंत नेऊ. खाल्ल्यासारखं करू. एवढंच."

वर आजोबांची हौस अशी, की बघायला झाडून सगळं गाव बोलावलेलं. सकाळपासून ते कॅमेरामन ओन्येकाच्या खांद्यावर हात टाकून फिरत होते, त्याला ताडी पाजत होते. म्हाताऱ्याला आपला चेहरा छान यायला हवा असेल, असं अडाओबीला वाटलं.

मास्तरांनी प्रार्थना म्हटली. आवाज कापत होता. फळ फुटलं. आजोबांनी तुकडा उचलला, ओठांशी नेला आणि कचाकच चावून गिळला.

गर्दी माना उंचावून बघू लागली. बाकीच्या म्हाताऱ्यांनी आपापले तुकडे ओठांना लावून खाली ठेवले.

"छे," आजोबा म्हणाले. "माझं एकट्याचंच वेगळं दिसतंय. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. मग त्यांची टोपी वाकडी निघाली. मग ते शेजारच्यावर खेकसले, "दात नाहीत तर चघळ. पण लोकांना दिसू दे." दर खेपेला अडाओबी ओन्येकाकडे बघायची आणि तो तिची नजर चुकवून मान डोलवायचा. शेवटी सगळ्याच म्हाताऱ्यांनी मुकाट्याने तुकडे खाल्ले. मास्तरांचा आवाज आता स्थिर झाला होता. समोरच्या प्रत्येकाच्या आजा-पणज्याचं नाव घेऊन ते आशीर्वाद मागत होते. अडाओबीला म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटलं. हट्टी खरा, पण कामात काय जीव ओतत होता!

सूर्य डोंगराआड गेला. तिने ओन्येकाला आजचं सगळं दाखवायला सांगितलं. त्याने कॅमेराच तिच्यासमोर धरला. दाखवायला काही नव्हतंच. कॅमेरा दिवसभर बंद होता.

ताडी भोवली तुला, म्हणून तिने त्याला फैलावर घेतलं. मग रडवेली होऊन आजोबांपुढे गुडघ्यांवर बसली. आपलीच माणसं गाफील राहिली, सगळ्यांना उद्या पुन्हा त्रास द्यावा लागेल, म्हणाली. आजोबा मास्तरांशेजारी बसून ताटलीतला उरलेला तुकडा चघळत होते.

"त्याला बोलू नकोस, पोरी," ते म्हणाले. "बंद ठेव म्हणून मीच सांगितलं होतं. उद्या लाव कॅमेरा, हवं तेवढं नाटक करू. आज तो चालू असता, तर हेच सगळे म्हणाले असते, आम्ही सिनेमापुरतं खाल्लं."