डाव्या हाताचा नियम

मोहाडीच्या रेणूने स्वतःच्या बारावीच्या अभ्यासासोबत महिनाभर शेजारच्या खुशबूला बारावीचं फिजिक्स समजावलं. खुशबू दुसऱ्यांदा परीक्षेला बसत होती. यंदाही नापास झाली तर शिक्षण सोडून घरच्या हातमागावर विणायला बसायचं, असं वडिलांनी बजावलेलं. चुंबकांमधल्या वीज वाहणाऱ्या तारेवर बल कुठल्या दिशेला लागतं, हे रेणूने उजव्या हाताची बोटं ताणून शिकवलं. परीक्षेत तोच प्रश्न दोन मार्कांना आला आणि रेणूला आठवलं, नियम डाव्या हाताचा आहे. तिने आपलं उत्तर बरोबर लिहिलं. बाजूच्या बाकावर खुशबू हसतमुखाने उजवाच हात न्याहाळत होती. ती दोन मार्कांनी नापास झाली. निकाल कळताच रेणू तिच्या घरी धावली. “मीच तुले चुकीचं शिकवलं वं,” ती रडू लागली. “पेपरच्याच दिवशी समजलं मले,” माग थांबवून खुशबू म्हणाली. “घरी नोको सांगू. तू तरी बराबर लिहिलं न?” रेणूला ‘हो’ म्हणवेना.