चार लाखांची पुरणपोळी

कुंदाताईनं धाकट्या भावाला, हेरंबला, वाढायला दुसरी पुरणपोळी उचलली, तोच तिच्या मनगटावरचं सरकारी कडं लाल झालं. ज्यानं जे मत जाहीर केलं, ते त्याच्याच वाट्याला यावं, एवढंच सगळ्यांच्या हातातली ही कडी पाहत. ‘आग्रह करून वाढणं हा अत्याचार आहे’ या मतावर हेरंबला चार लाख फॉलोअर मिळाले होते. तेव्हापासून कुठल्याच घरात त्याला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नव्हतं.

“राहिलं बाबा,” ताई म्हणाली.

“मी मागून घेतो की.”

“मागून जेवायला ही काय खानावळ आहे?”

हेरंबनं निमूटपणे फोन काढून मत पुसलं. फॉलोअर भराभर गळाले, कडं हिरवं झालं.

“घे, माझी शपथ आहे!”

“नको, नको,” म्हणत हेरंबनं ताटावर हात आडवा धरला, बोटं मात्र चांगली फाकवून.